‘इंधन’ : घर, लेखक आणि वाचक

हमीद दलवाई हे नाव आपल्या बैठकीत निघाले, की पाच मिनिटांत बैठकीचे दोन तट पडतात. एका तटाला ते समाजाचे वैरी वाटतात, दुसऱ्याला समाजात जन्मलेला एकमेव शहाणा माणूस. दोघांजवळ दाखले तयार असतात. १९६६चा मोर्चा, १९७०चे मुस्लिम सत्यशोधक मंडळ, समान नागरी कायद्याची मागणी आणि शेवटी चंदनवाडीची स्मशानभूमी. अशा कितीतरी बैठकांना मी बसलो आहे. त्यांत ‘इंधन’ वाचलेला माणूस मला क्वचितच भेटला. हमीदभाईंवर बोलायला त्यांची कादंबरी वाचावी लागत नाही, असे दोन्ही तटांनी परस्पर ठरवून टाकलेले दिसते.

तटांचे भांडण मिटवण्याची माझी पात्रता नाही आणि तशी इच्छाही नाही. त्यांच्या राजकीय लेखनातल्या काही गोष्टी मला पटतात, काही पटत नाहीत. काही ठिकाणी त्यांचा सूर आपल्याच माणसांवर फार चढतो असे मला वाटत आले आहे. पण माझा प्रश्न वेगळा आहे. १९६१ साली ‘लाट’ आणि १९६५ साली ‘इंधन’ ही कादंबरी देणारा, ‘सत्यकथा’-‘मौज’च्या पानांवर मान मिळवलेला, राज्य पुरस्कार मिळालेला हा लेखक ‘इंधन’ आली तेव्हा अवघा तेहतीस वर्षांचा होता. त्यानंतर तो बारा वर्षे जगला. त्या बारा वर्षांत दुसरी कादंबरी का आली नाही?

याचे ठरलेले उत्तर असे, की समाजकार्याने साहित्यिक गिळला. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. समाजकार्य करता करता कादंबऱ्या लिहिणारे लेखक मराठीत झाले आहेत. साने गुरुजींनी तर तुरुंगात बसून लिहिले. मला वाटते, हमीदभाईंची कादंबरी थांबली ती वाचकापाशी. ज्यांच्याविषयी लिहिले ते वाचत नव्हते आणि जे वाचत होते त्यांच्याविषयी ते लिहिलेले नव्हते. ही अडचण त्यांच्यापुरती नव्हती. मराठीत लिहिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या उंबरठ्यावर ती अजून बसलेली आहे, म्हणून हा लेख.

मी राहतो शहागडला. अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या काठचे गाव. सोलापूर-धुळे महामार्गावरचा पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि गेवराईची हद्द, म्हणजे बीड जिल्हा सुरू होतो. इथून चिपळूणजवळचे मिरजोळी, हमीदभाईंचे गाव, सर्वच अर्थांनी लांब. तिथे वाशिष्ठी आणि खाडी, भात आणि खोत. इथे ऊस, कापूस, मोसंबी आणि निजामाच्या आठवणी. तिथला मुसलमान घरात कोकणी बोलतो, इथला दखनी. तरीही ‘इंधन’ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती आमच्या गावाची कादंबरी वाटली होती. आज चाळीस वर्षांनी पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट नव्याने लक्षात आली. ती कळण्यासाठी आमच्या घरातल्या वाचनाबद्दल थोडे सांगावे लागेल.

मुसलमान कादंबरी वाचत नाही, असे आपण सहज बोलून जातो. हे धादांत खोटे आहे. निजामाच्या राज्यात शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्या पिढीतले मराठवाड्यातले हिंदू पाटील-देशपांडेसुद्धा उर्दू वाचत, उर्दूत अर्ज लिहीत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि बारा वर्षांत कचेरीच्या दारावरची पाटी बदलली. पण घरातले वाचन पाटीबरोबर बदलत नसते. १९५२पासून अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ निघत होती. इब्ने सफीच्या त्या कादंबऱ्या आमच्या घरात जिल्द सुटेपर्यंत हातोहात फिरल्या आहेत. दादा वाचून झाले की चाचा, मग बायका दुपारी मोठ्याने वाचायला लावीत. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांची चौकशी आमच्याकडे नातेवाइकांसारखी होई. (योगायोग पाहा. आमच्या घराला पहिला माहीत झालेला हमीद हा कादंबरीतला होता.)

तर वाचक होता. भरपूर होता. पण तो उर्दूत होता, आणि तो जी कादंबरी वाचत होता तिच्यात त्याच्या गल्लीतले कोणी नव्हते. फरीदीच्या शहरात नळावरचे भांडण नाही, सासूचा छळ नाही, मेहरची थकबाकी नाही, कुळाची जमीन नाही. वाचणाऱ्याचे घर त्या पुस्तकापासून सुरक्षित होते. कोकणातही चित्र फार निराळे नसावे. बोलायला कोकणी-मराठी, पण दीनची आणि इभ्रतीची भाषा उर्दू. अशा वेळी १९६५ साली एक कोकणी मुसलमान उठतो आणि मराठीत, ज्या भाषेत शेजारचा ब्राह्मण, कुणबी आणि महार वाचू शकतो त्या भाषेत, आपल्या गावच्या घरांची दारे उघडी टाकतो. ज्यांची दारे उघडी पडली त्यांना ती कादंबरी आहे हे कळायच्या आधी ती चुगली आहे असे कळले. कोकणात नाराजी उमटली. ती कादंबरी वाचून किती उमटली आणि ऐकून किती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

‘इंधन’चा निवेदक मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परत येतो. पंधरा वर्षांनी येतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, विश्रांतीसाठी आला आहे. म्हणजे ज्याने जास्त चालायचे नाही, जास्त बोलायचे नाही, मनाला लावून घ्यायचे नाही, अशा माणसाच्या डोळ्यांनी हमीदभाई आपल्याला गाव दाखवतात. ही युक्ती मला अजून चकित करते. एखादा तडफदार सुधारक निवेदक घेतला असता तर दुसऱ्या प्रकरणात त्याने भाषण केले असते. हा माणूस भाषण करू शकत नाही, डॉक्टरांची मनाई आहे. तो बघतो. घरातला बाप, भाऊ, बायका, कुळे, जुने मित्र, जुनी वैरे, सगळे त्याच्याकडे येतात आणि आपापला धागा त्याच्या हातात देऊन जातात. गावाचा जुना हिशेब बिघडलेला आहे. जमिनीचे कायदे बदलले, खोतकी गेली, ज्यांनी मान खाली घालायची ते मान वर करून बोलू लागले, आणि ज्यांची सत्ता गेली त्यांना ती गेल्याचे कबूल करवत नाही. त्यात बाई-पुरुषांचे जातीधर्मापलीकडचे चोरटे संबंध. ते पूर्वीही होते, सर्वांना माहीत होते, आणि गावाने त्यांच्यावर पांघरूण घातले होते. आता पांघरूण घालायला कोणी तयार नाही.

कादंबरीचे नाव ‘आग’ नाही, ‘इंधन’ आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. काडी कोणी ओढली याचा तपास लेखक करीत नाही. लाकडे किती दिवस वाळत होती आणि त्यांतली आपल्या अंगणातली किती, एवढेच तो मोजतो. हिंदू-मुसलमान दंगलीवर मराठीत आणि उर्दूत पुष्कळ लिहिले गेले. त्यातल्या बहुतेक लेखनात दोन्हीकडचे चांगले लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात आणि वाईट लोक बाहेरगावाहून येतात. ‘इंधन’मध्ये बाहेरगावाहून कोणी येत नाही. आला असेल तर निवेदकच, आणि त्याचेही हात कोरडे राहत नाहीत. स्वतःच्या निवेदकाला निर्दोष न सोडण्याचे हे धाडस मला या कादंबरीतले सर्वांत मोठे धाडस वाटते. समाजाला नावे ठेवणे त्या मानाने सोपे असते.

आता उणीव. कादंबरी प्रथमपुरुषी आहे आणि तो पुरुष आहे. बायका त्याला दिसतात, भेटतात, त्याच्यापुढे रडतात, त्याला घाबरवतात. पण एकटी असताना त्यांतली एखादी काय विचार करते हे आपल्याला कळत नाही. ज्यांच्या देहावरून गाव पेटते त्यांचे मन कादंबरीच्या बाहेर राहते. हमीदभाईंनी नंतरच्या आयुष्यात मुसलमान बाईच्या प्रश्नासाठी जेवढे केले तेवढे फार थोड्या पुरुषांनी केले असेल; पण कादंबरीकार म्हणून ते तिच्या खोलीच्या दारापाशी थांबले. त्या दारातून आत गेले ते दुसरेच कोणी, आणि तेही पुष्कळ वर्षांनी. त्याकडे मी येतोच.

‘इंधन’चे कौतुक झाले ते मराठी साहित्यात. म्हणजे कोणात? मुंबई-पुण्याच्या, बहुतांशी हिंदू, मध्यमवर्गीय वाचकांत. त्या वाचकाबद्दल मला आकस नाही; हमीदभाईंना लेखक म्हणून जगवले ते त्यानेच. पण त्या वाचकाची वाचण्याची एक रीत आहे. कुणबी लेखकाची कादंबरी तो कादंबरी म्हणून वाचतो. मुसलमान लेखकाची कादंबरी तो माहिती म्हणून वाचतो. ‘हे लोक घरात असे असतात का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. मला स्वतःला माझ्या दोन-चार कथांबद्दल हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे, की आता मी ‘हो, तुमच्यासारखेच’ एवढेच उत्तर देतो. त्या वाचकाला ‘इंधन’मध्ये साक्ष सापडली. आणि आपल्या वाचकाला वाटले, हा फितूर साक्षीदार. एकाच पुस्तकाला दोघांनी कोर्टात उभे केले. कादंबरी म्हणून बसायला तिला पाट कोणी दिला नाही.

अशा वेळी लेखकाने काय करावे? थांबावे, दुसरी कादंबरी लिहावी, तिसरी लिहावी, वीस वर्षांत एखादी पिढी मराठी शाळांतून वर येईल तिची वाट पाहावी. हा एक मार्ग होता. हमीदभाईंनी तो घेतला नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायका विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. ‘इंधन’ येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्यानंतर १९६८चे ‘मुस्लिम जातीयतेचे स्वरूप : कारणे आणि उपाय’, मग पुण्यात २२ मार्च १९७०ला मंडळाची स्थापना, मग गावोगाव सभा. मला यात एक लेखकाचा उतावीळपणा दिसतो आणि तो मला समजतो. कादंबरीचा वाचक तुम्हाला दिसत नाही. त्याने पुस्तक मिटले की फेकले, कळत नाही. सभेत तो समोर बसलेला असतो. हमीदभाईंच्या सभा उधळल्या गेल्या, त्यांच्यावर माणसे धावून आली. पण धावून येणारा माणूससुद्धा ऐकून आलेला असतो. ‘इंधन’ने जो वाचक त्यांना दिला नाही तो सभेने श्रोता म्हणून दिला, आणि तलाक मिळालेल्या ज्या बायका मंडळाकडे आल्या त्यांच्यापैकी कितीजणींना ‘इंधन’ वाचता आली असती?

याचा अर्थ त्यांनी बरोबर केले असा मी लावत नाही. माझ्या मते कादंबरी आणि सभा यांत एक फरक ते विसरले. सभेत तुम्ही माणसाला त्याच्या चुकीसमोर उभे करता, आणि तो तिथेच हट्टाला पेटतो. कादंबरीत त्याला एकटे बसून, कोणी बघत नसताना, स्वतःशी कबूल करता येते. आपल्या समाजाला त्या एकांताची जास्त गरज होती असे मला वाटते. हे मी आज आरामात बसून लिहितो आहे, याची मला जाणीव आहे. त्यांच्याजवळ वेळ नव्हता. मूत्रपिंडांनी दगा दिला, आणि ३ मे १९७७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

आणि घर? लेखकाचे घर कोण चालवते, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा विचारला नाही. तो विचारला लेखकांच्या बायकांनी. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत विचारला. मलिका अमर शेख यांनी १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये संतापून विचारला, त्या आपल्या अमर शेखांच्या कन्या आणि नामदेव ढसाळांच्या पत्नी, म्हणजे शाहिराच्या घरातून कवीच्या घरात गेलेल्या. सुनीता देशपांडे यांनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’मध्ये पै-पैचा हिशेब मांडून विचारला. आणि १९९५ साली मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आले. या चार पुस्तकांत आपल्या वाचकांनी सर्वांत कमी वाचलेले हे चौथे पुस्तक आहे, आणि ते मला ‘इंधन’चा दुसरा खंड वाटते.

मेहरुन्निसाबाई पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. सासर मिरजोळीचे, कोकणी. लग्न १९५६चे; ते आधी निकाह पढून झाले आणि पुढे विशेष विवाह कायद्याखाली त्याची नोंदणीही झाली. म्हणजे त्या लग्नाने आपल्या समाजातला एक मोठा वाद सुरुवातीलाच एका घरात आणून ठेवला होता. नवरा लेखक, मग ‘मराठा’त पत्रकार, मग पूर्णवेळ कार्यकर्ता. दोन मुली. बाईंची नोकरी, आणि तिच्यावर घर. त्यांनी १९६६च्या मोर्चात पावले टाकली, नवऱ्याचे दुखणे काढले, आणि तो गेल्यावर मंडळाचे काम खांद्यावर घेतले. पुढे शाहबानो प्रकरणाच्या काळात निघालेल्या तलाक मुक्ती मोर्चात त्या होत्या. ८ जून २०१७ रोजी त्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो त्याच वर्षी २२ ऑगस्टला. एक्कावन्न वर्षे आधी विधानभवनापुढे उभी राहिलेली बाई अडीच महिन्यांनी चुकली.

पुस्तकाचे नाव समाधानाचे आहे. समीक्षकांनी त्या नावावर विसंबून त्याला कृतार्थ जीवनाची कहाणी म्हटले आणि बाजूला ठेवले. मी नावावर विसंबत नाही. आपल्याकडची बाई तक्रार करताना ‘अल्लाचा शुकर आहे’ने सुरुवात करते, नंतर काय सांगते ते ऐकायचे असते. मेहरुन्निसाबाई नवऱ्यावर आरोप करीत नाहीत. त्या सरळ, बोलल्यासारखे सांगत जातात. मलिकाबाईंसारखा जाळ नाही, सुनीताबाईंसारखा तराजू नाही. पण जे घडले ते क्रमाने वाचत गेलात तर एक गोष्ट आपोआप समोर येते. नवऱ्याने पगार सोडला तो तिच्या पगारावर विसंबून सोडला. त्याचे स्वातंत्र्य तिच्या हजेरीपटावर सही करत होते.

हे पुस्तक मी गेल्या पावसाळ्यात आमच्या फुफीला वाचून दाखवले. तिचे वय पंच्याऐंशीच्या आसपास. उर्दू थोडी वाचते, मराठी वाचत नाही, पण बाजारात आणि दवाखान्यात मराठी बोलण्यात माझ्याही पुढे. असरनंतर मगरिबपर्यंत वाचायचे, असा नेम. मी मराठीत वाचायचो, अडले तर दखनीत सांगायचो. तलाकची चर्चा आली तेव्हा ती गप्प होती. सुधारणेच्या गोष्टी आल्या तेव्हाही. नोकरीचा भाग आला आणि तिने मला थांबवले. “इनो नौकरी कू जाते थे, तो बच्च्यां कू कौन देखता था?” पुढे दोन दिवसांनी पुन्हा, “तनखा इनकी, घर इनका, और नाम किसका हुआ?” मी म्हणालो, फुफी, त्यांचेही नाव झाले, पुस्तक आहे ना. ती म्हणाली, “किताब तो बाद में आई ना.”

‘मी भरून पावले आहे’वर मी आजवर जे काही वाचले त्यात एवढी नेमकी समीक्षा मला आढळलेली नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आले, की हमीदभाईंना जो वाचक हवा होता तो हा आहे. तो मराठी वाचणारा नाही, मराठी समजणारा आहे. त्याला पुस्तक हातात देऊन भागत नाही. कोणीतरी शेजारी बसून वाचावे लागते. आपली मराठीतली परंपरा तशी होतीच की. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला तेव्हा तो घरोघरी कोणी विकत घेऊन वाचत नव्हते. तो ऐकला जात होता. हुसेन अंबरखानाची गीताटीकाही अशीच कोणीतरी कोणालातरी वाचून दाखवली असणार. छापील कादंबरी आली आणि वाचन हा एकट्याचा उद्योग झाला. आणि ज्या घरात मराठी वाचणारे एकच माणूस, तेही शाळेत जाणारे पोर, त्या घरात कादंबरी शिरायला वाट उरली नाही.

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. प्रा. फ. म. शहाजिंदे अध्यक्ष होते. हमीदभाईंना जाऊन तेरा वर्षे झाली होती. ते असते तर त्यांना बोलावले असते का, आणि बोलावले असते तर ते आले असते का, यावर आपल्यात पुष्कळ तर्क चालतात. मला त्या तर्कात रस नाही. मला एवढेच दिसते, की त्या संमेलनानंतर आपल्याकडे मराठी वाचणारा मुसलमान दिसू लागला, तो आपले अंक विकत घेऊ लागला, पत्रे लिहू लागला; आणि तरीही ‘इंधन’ आपल्या चर्चेच्या ताटात वाढली गेली नाही. दलितांनी बाबुराव बागुल वाचले, त्यांच्याशी भांडले, त्यांना पचवले. आपण आपला कादंबरीकार इतरांच्या हवाली केला. दिलीप चित्र्यांनी ‘इंधन’ इंग्रजीत नेली. रामचंद्र गुहांनी २०१०च्या आपल्या ग्रंथात आधुनिक भारत घडवणाऱ्यांत हमीदभाईंना बसवले. ज्योती सुभाष यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. हे सर्व चांगलेच झाले. पण यांपैकी कोणालाही ‘इंधन’मधल्या घरात जेवायला बसलेले असताना जी शरम वाटते ती वाटणार नाही, ती वाटण्याचा हक्क आपला होता.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला व्याख्यानाला बोलावले. संस्थेचे नाव लिहीत नाही, माणसे सज्जन होती. विषय मीच कळवला होता, ‘इंधन’. तीन दिवसांनी निरोप आला, सर, जरा दुसरा विषय घेता का, उगीच वातावरण… मी शेख महंमदांवर बोललो. दोन्ही समाजांचे लोक आले होते, सर्वांनी टाळ्या वाजवल्या, चहा चांगला होता. येताना एसटीत मला स्वतःचाच राग आला. चारशे वर्षांपूर्वीच्या मुसलमान मराठी लेखकावर आपण सगळे एक होतो, कारण त्याच्या पुस्तकात आपल्या घराचा पत्ता नाही.

फुफीसाठी मग मी ‘इंधन’ काढली. आधी मेहरुन्निसाबाईंचे पुस्तक झालेले असल्यामुळे तिला लेखक ओळखीचा होता, “वोच ना, जिनकी घरवाली नौकरी कू जाती थी?” अशी तिने खातरजमा करून घेतली. ज्यांना ही दोन पुस्तके वाचायची आहेत त्यांना मी हाच क्रम सुचवीन. आधी घर, मग कादंबरी. कादंबरीकाराला घरातून ओळखले की त्याचा आवाज उगीच चढलेला वाटत नाही.

पहिली पन्नासेक पाने ती मजेत होती. कोकणातले नातेसंबंध तिला चटकन कळत होते. माझ्याआधी ती सांगायची, कोणाचे कोणाशी काय आहे ते. एकदा म्हणाली, “ये तो अपनेच गाँव की बात है. इनकू कैसे मालूम?” गाव तापत चालले तशी ती कमी बोलू लागली. एक दिवस तिने विचारले, “पन इनो लिखे कायकू?” मी लेखकाचे सामाजिक उत्तरदायित्व वगैरे दखनीत सांगण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. दखनीत त्याला शब्दच नाही, आणि कदाचित तेच बरे आहे.

शेवटची काही पाने राहिली असताना तिने हाताने पुस्तक मिटले. “आज बस.” मी चहा करायला सांगितला. मगरिबला वेळ होता. पलंगावर बसल्या बसल्या, कोणी काही विचारलेले नसताना, ती बोलू लागली. सन अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर. आमच्याकडे त्या दिवसांना ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि घरातली मोठी माणसे तो शब्द आला की ‘जाने दे’ म्हणून विषय बदलतात. सुंदरलाल समितीचा अहवालही २०१३पर्यंत लोकांपुढे आला नव्हता. फुफी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. इतक्या वर्षांत तिने हे आमच्यापैकी कोणालाही सांगितले नव्हते. माझ्या वडिलांनाही नाही, ते तिचे सख्खे भाऊ. कोणत्या घरात लपले, कोणी लपवले, लपवणाऱ्यांतले कोण नंतर बोलायचे थांबले, नावे घेऊन ती सांगत होती. त्यातली अर्धी घराणी आजही गावात आहेत आणि आम्ही एकमेकांच्या लग्नाला जातो.

मी वही घ्यायला उठलो. तिने माझा सदरा धरला.

“लिख नक्को,” ती म्हणाली. “बैठ. सुन.”